वारावर मोजलेले हिरे

एल्सा पेरेत्ती या रचनाकार स्त्रीने दागिन्याला तिजोरीतून बाहेर काढून रोजच्या अंगावर आणले. पन्नास वर्षांनंतरही तिची छाप पुसली गेलेली नाही. तिच्या कामातून आपल्या पेढ्यांनी काय घ्यावे, याचा हा विचार.

व्यापारी घराण्यात दागिन्याला दोन आयुष्ये असतात. एक तिजोरीतले. लग्नाला, बारशाला, पाडव्याला डबा उघडतो, मखमलीतून हार निघतो, चार तास गळ्यात मिरवतो आणि पुन्हा डब्यात जातो. दुसरे आयुष्य अंगावरचे. कानातल्या कुड्या, हातातल्या बांगड्या, गळ्यातली बारीक साखळी यांना घरातल्या स्त्रीबरोबर पहाटे उठावे लागते. पीठ मळताना, दुकानाची वही लिहिताना, लेकराला कडेवर घेताना ती तिच्या संगतीला असतात. पहिल्या दागिन्याचे मोल वजनकाटा सांगतो. दुसऱ्याचे मोल तो हरवल्यावर कळते.

सराफीच्या धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या पहिल्याच आयुष्याचा हिशेब ठेवला. तोळा, रती, कॅरट, तूट, घडणावळ हे आपल्या वहीचे शब्द. यांतला घडणावळ हा शब्द मोठा बोलका आहे. दागिना विकताना ती ग्राहकाकडून घेतली जाते आणि तोच दागिना मोडीला आला की ती शून्य धरली जाते. सोने उरते, खडा उरतो. ज्या बुद्धीने आणि हाताने त्यांना आकार दिला, तिची किंमत वहीतून पुसली जाते. हे असेच असायचे, असे आपण धरून चालतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समजुतीला ज्यांनी मुळापासून हलवले, त्यांत एल्सा पेरेत्ती हे नाव अग्रभागी घ्यावे लागते. चांदीचा साधा तुकडा केवळ आकाराच्या बळावर सोन्याच्या शेजारी ताठ मानेने बसू शकतो, आणि कणभर हिरा हा रोजच्या वापराचा दागिना होऊ शकतो, हे त्यांनी बाजारात विकून सिद्ध केले. आज जगभरच्या काचेच्या पेट्यांत दिसणारे हलके, सुटसुटीत, रोज घालता येणारे दागिने पाहिले, की त्यांतल्या पुष्कळांच्या मागे या एका स्त्रीची सावली दिसते.

घर सोडलेली मुलगी

एल्सा पेरेत्ती यांचा जन्म 1 मे 1940 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील फेर्दिनांदो पेरेत्ती हे मोठे उद्योजक. एपीआय या इटालियन तेलकंपनीचे संस्थापक. घरात संपत्ती विपुल, पण शिस्त कडक आणि वळण जुने. मुलीने चांगल्या घरात लग्न करावे आणि सुखाने संसार करावा, एवढीच अपेक्षा. हे चित्र आपल्या वाचकांना परके वाटू नये.

एकविसाव्या वर्षी एल्सा घराबाहेर पडल्या. घरून मिळणारा पैसा थांबला. स्वित्झर्लंडमध्ये भाषा शिकवून त्यांनी काही काळ चरितार्थ चालवला. पुढे रोममध्ये अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेतले आणि मिलानमध्ये एका वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी केली. वस्तूकडे आकार, पोकळी आणि तोल या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी. कारण त्यांचे नंतरचे दागिने एखाद्या इमारतीसारखे चहूबाजूंनी पाहण्याजोगे आहेत.

1964 मध्ये त्या बार्सिलोनाला गेल्या आणि वस्त्रप्रदर्शनात मॉडेल म्हणून काम करू लागल्या. ज्या घराने त्यांच्यासाठी गृहिणीपदाची स्वप्ने पाहिली, त्या घराला हा व्यवसाय मान्य होणे शक्यच नव्हते. वडिलांशी अबोला कित्येक वर्षे टिकला. 1968 मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. उंच, शेलाट्या बांध्याच्या, घोगऱ्या आवाजाच्या या इटालियन तरुणीला काम मिळत गेले; पण दुसऱ्याने शिवलेले कपडे घालून चालणे हे आपले अंतिम काम नव्हे, हे त्यांना लवकरच उमगले.

गळ्यातली फुलदाणी

1969 साली त्यांनी पहिला दागिना घडवला. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना एक छोटीशी फुलदाणी सापडली होती. त्यावरून त्यांनी बोटभर उंचीची चांदीची फुलदाणी एका स्पॅनिश कारागिराकडून करून घेतली आणि ती गळ्यात अडकवण्याची सोय केली. न्यूयॉर्कचे वस्त्ररचनाकार जॉर्जिओ दी सांत आंजेलो यांच्या प्रदर्शनात एका मॉडेलच्या गळ्यात ती फुलदाणी होती आणि तिच्यात एका खऱ्या फुलाचा देठ खोचलेला होता.

कल्पना केवळ गमतीची नव्हती. दागिना म्हणजे फुलाची सोन्यातली नक्कल, ही शतकांची रीत. इथे मात्र फूल खरे आणि दागिना त्याला सांभाळणारे पात्र झाला होता. संध्याकाळी फूल सुकते, दुसऱ्या दिवशी दुसरे येते. चांदी तीच राहते. लोकांनी ती फुलदाणी उचलून धरली आणि एल्सांचा मार्ग ठरला.

त्यानंतरची पावले झपाट्याने पडली. अमेरिकेतले त्या काळचे ख्यातनाम वस्त्ररचनाकार हॅल्स्टन यांच्याशी त्यांची मैत्री जमली आणि हॅल्स्टनच्या साध्या, वाहत्या रेषांच्या वस्त्रांबरोबर त्यांचे दागिने दिसू लागले. 1971 मध्ये त्यांना अमेरिकन फॅशन समीक्षकांचा कोटी पुरस्कार मिळाला. 1972 मध्ये ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाने त्यांच्या दागिन्यांसाठी स्वतंत्र दालन दिले.

चांदीला मानाचे पान

1974 हे या कथेतले कळीचे वर्ष. न्यूयॉर्कची टिफनी ही पेढी 1837 सालची. चांदीची भांडी, चहाची पात्रे, काटे-चमचे यांसाठी ती प्रसिद्ध होती. पण अंगावरचे चांदीचे दागिने तिने सुमारे पंचवीस वर्षे विकले नव्हते. चांदी ताटात शोभते, गळ्यात सोने-प्लॅटिनमच हवे, असा तो समज. हॅल्स्टन यांनी एल्सांची गाठ टिफनीचे अध्यक्ष वॉल्टर होव्हिंग यांच्याशी घालून दिली आणि करार झाला.

होव्हिंग यांच्यासारख्या जुन्या, काटेकोर दुकानदाराने हा धोका का पत्करला असावा? उत्तर बाजारात होते. अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी-व्यवसायात उतरत होत्या. त्यांच्या हातात स्वतःचा पैसा होता. तोवर हिऱ्याचा दागिना हा बहुधा पुरुषाने स्त्रीला द्यायचा असे: वाङ्‌निश्चयाला, वाढदिवसाला, कधी मन धरायला. आपल्या पगारातून, आपल्या आवडीने, कोणाच्या भेटीची वाट न पाहता दागिना घेणारी स्त्री ही नवी ग्राहक होती. तिला शनिवारच्या मेजवानीपुरता हार नको होता. सोमवारी कचेरीत घालून जाता येईल असे काही हवे होते. पेरेत्ती यांची चांदी तिच्यासाठी होती.

शेकडा 92.5 भाग शुद्ध चांदीचे हे दागिने दिसायला मृदू होते. कोपरे नाहीत, नक्षी नाही, मीनाकाम नाही. हातात घेतले तर नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत लागत. ग्राहकांनी त्यांना भरभरून प्रतिसाद दिला. 1977 मध्ये ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने दागिन्यांतल्या या नव्या लाटेवर मुखपृष्ठकथा केली. जुन्या पेढीने तरुण रचनाकारावर विश्वास टाकला, तर पेढीचेच वय कमी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वारावर हिरे

टिफनीत आल्यावर 1974 मध्येच एल्सांनी जी रचना बाजारात आणली, तिचे नाव ऐकून कापडाच्या व्यापाऱ्याला हसू यावे: ‘डायमंड्स बाय द यार्ड’. यार्ड म्हणजे आपला वार. नऊवारी, सहावारी असे आपण लुगडे मोजतो, तसे वारावर मोजलेले हिरे! हिऱ्याला कॅरटवर तोलायची सवय असलेल्या बाजाराला हे नाव म्हणजे एक सौम्य चिमटाच होता.

रचना अगदी साधी. बारीक, लवचीक साखळी. तिच्यात थोड्या थोड्या अंतराने गुंफलेले छोटे हिरे. अंतरे मुद्दाम समान ठेवलेली नाहीत; आकाशात तारे विखुरलेले असावेत तसे खडे साखळीभर पसरलेले. प्रत्येक खडा धातूच्या बारीक गोल काठात बसवलेला, ज्याला व्यवहारात बेझेल कोंदण म्हणतात.

या कोंदणाकडे जरा थांबून पाहू. हिरा उंच करून धातूच्या नख्यांत धरला, की सर्व बाजूंनी उजेड मिळतो आणि तो झळकतो; पण नख्या शालीत अडकतात, केसांत गुंततात, झिजल्या की खडा निसटतो. गोल काठात बसवलेला हिरा थोडा कमी झळकतो. मात्र तो कुठे अडकत नाही, सहसा पडत नाही, आणि साखळी उलटली तरी अंगाला बोचत नाही. म्हणजे थोडी चमक देऊन भरपूर निर्धास्तपणा विकत घेतला. रोजच्या वापराचा दागिना असाच सौदा मागतो.

दुसरा बदल खड्याच्या आकारासंबंधी. हिऱ्याचा भाव वजनाबरोबर सरळ चढत नाही. तो उड्या मारत चढतो. एक कॅरटचा एक खडा आणि दहा सेंटचे दहा खडे यांचे एकूण वजन सारखेच, पण किमतीत मोठे अंतर. जुन्या रचनेत छोटे खडे मोठ्या खड्याभोवती चाकरीला असत. पेरेत्ती यांच्या साखळीत मोठा खडा नव्हताच. छोट्याला स्वतःची जागा, स्वतःचा अवकाश मिळाला. त्यामुळे हिऱ्याचा दागिना मध्यम मिळकतीच्या स्त्रीच्या आवाक्यात आला. ज्याला अधिक ऐपत आहे, त्याने लांब साखळी घ्यावी, मोठे खडे घ्यावेत. दोन-तीन साखळ्या एकत्र घालाव्यात. वस्तू एकच, पायऱ्या अनेक. व्यापाराच्या दृष्टीने यापेक्षा शहाणी मांडणी क्वचितच सापडेल.

एकावर एक बारीक साखळ्या घालण्याची आजची तरुण मुलींची आवड आणि साखळीत अंतराअंतराने एकेक खडा बसवण्याची जगभर रुळलेली पद्धत, या दोन्ही गोष्टी रूढ करण्यात या रचनेचा वाटा मोठा आहे. टिफनीच्या काउंटरवर ती आजही विकली जाते.

हाड, दाणा आणि पोकळ हृदय

पेरेत्ती यांच्या रचनांत सर्वांत गाजलेले कडे म्हणजे ‘बोन कफ’. मनगटावरचे हाड जिथे उंचवटा करते, तिथे हे रुंद कडे फुगते आणि मग आत वळते. जणू हाताच्या हाडावर चांदी ओतली आहे. त्यामुळे डाव्या हाताचे कडे उजव्यात बसत नाही. दोन्हींचे साचे वेगळे. बांगडी कोणत्याही हातात चढते, या आपल्या अनुभवाला हे सर्वस्वी नवे होते. दागिन्याने देहावर बसायचे की देहाच्या वळणाने वाहायचे, हा प्रश्न या कड्याने विचारला.

त्याचे मूळ बालपणात होते. रोममध्ये कापुचिन साधूंच्या चर्चखाली एक तळघर आहे; तिथल्या भिंती मृत साधूंच्या अस्थींनी सजवलेल्या आहेत. लहानपणी एल्सा तिथे जात आणि एखादे हाड उचलून घरी आणत. आई ते परत करायला लावी. पुढे बार्सिलोनात त्यांनी गौदी या वास्तुविशारदाच्या लाटांसारख्या वळणांच्या इमारती पाहिल्या. या दोन संस्कारांतून ते कडे जन्मले. देह नश्वर आहे, याची आठवण देणारी जागा. आणि तिच्यातून निपजलेली वस्तू मात्र जिवंत मनगटावर शोभणारी.

येथे आपल्या वाचकांच्या मनात येणारा प्रश्न टाळू नये. नावात हाड असले तरी प्रसिद्ध झालेले हे कडे धातूचे आहे. तथापि सुरुवातीच्या काळात पेरेत्ती यांनी हस्तिदंतातही काम केले, आणि त्यांचे कित्येक लोलक रेशमी दोरीत ओवलेले असत. अहिंसेचा संस्कार असलेल्या घराला या गोष्टी रुचणार नाहीत, आणि रुचू नयेत. आकाराची थोरवी मान्य करताना सामग्रीचा विवेक आपण आपलाच ठेवावा. त्यांचे बहुतेक आकार चांदीत तितकेच, किंबहुना अधिक सुंदर उतरले, हीच या विवेकाला पुरेशी साक्ष आहे.

बोन कफखेरीज आणखी दोन आकार त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. एक घेवड्याच्या दाण्याचा. तळहातात मावणारा, एका बाजूला किंचित आत दबलेला हा दाणा त्यांना जीवनाच्या आरंभाचे चिन्ह वाटे. दुसरे ‘ओपन हार्ट’, म्हणजे मध्ये पोकळी असलेले, बाजूंनी जरा कललेले हृदय. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांच्या शिल्पांतल्या पोकळ्या पाहून त्यांना ते सुचले. हृदयाचा आकार बाजारात वापरून वापरून गुळगुळीत झालेला होता. त्यांनी त्यातला मधला भाग काढून टाकला, आणि साखळी त्या पोकळीतूनच ओवली. धातू कमी लागला आणि अर्थ वाढला. वजनावर चालणाऱ्या धंद्याला हा हिशेब नवीन होता.

कारागिराच्या दारी

रचनाकार म्हटला की कागदावर चित्र काढून कारखान्यात धाडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पेरेत्ती यांची रीत तशी नव्हती. त्या कारागिराच्या शेजारी बसून काम करून घेत. बार्सिलोनाच्या चांदीकामगारांकडे त्या वर्षानुवर्षे जात राहिल्या. जपानमधले लाखकाम, हाँगकाँगमधले पाषाणकाम, इटलीतले काचकाम या ठिकठिकाणच्या जुन्या विद्यांना त्यांनी आपल्या आकारांत सामावून घेतले. दागिना हातात कसा लागतो, अंगावर कसा लोळतो, याची खात्री पटेपर्यंत नमुना पुन्हा पुन्हा बदलला जाई.

सोन्या-चांदीच्या बारीक कड्यांची वीण करून त्यांनी कापडासारखे मऊ पडणारे दागिने केले. मूठभर धातू हातातून पाण्यासारखा ओघळावा, असा त्याचा स्पर्श. ज्या समाजाने वस्त्र आणि सुवर्ण या दोन्हींचा व्यापार केला, त्याला या कल्पनेतली गंमत अधिक कळेल.

अशा कामाला वेळ लागतो. म्हणून पेरेत्ती यांच्या रचनांची यादी दरवर्षी नव्या चालीप्रमाणे बदलत गेली नाही. एकच दाणा, एकच हृदय, एकच कडे लहान-मोठ्या मापांत, वेगवेगळ्या धातूंत पुन्हा पुन्हा येत राहिले. चाल बदलली, कपड्यांच्या लांब्या बदलल्या, केसांची वळणे बदलली. हे आकार राहिले. फॅशनवर सर्वांत दीर्घ प्रभाव अशा व्यक्तीचा पडावा, जिने फॅशनच्या मागे धावण्याचे नाकारले, ही यातली विचार करण्याजोगी बाब आहे.

एका कुपीचे दाम आणि एका नावाचे दाम

आता व्यवहाराची गोष्ट. 1975 च्या सुमारास हॅल्स्टन यांनी आपले अत्तर बाजारात आणले. त्याची कुपी एल्सांनी रचली: अश्रूच्या थेंबासारखी, मान एका बाजूला कललेली. मोबदल्यासाठी हॅल्स्टन यांनी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले, असे सांगतात: रोख 25,000 डॉलर किंवा एक मौल्यवान केसाळ कातड्याचा कोट. त्यांनी कोट घेतला. अत्तर तुफान खपले. कुपी जगप्रसिद्ध झाली. काही वर्षांनी दोघांत कडाक्याचे भांडण झाले आणि एल्सांनी तो कोट हॅल्स्टन यांच्याच घरातल्या जळत्या शेकोटीत फेकून दिला.

ही कथा पाश्चात्त्य मासिके त्यांच्या तापट स्वभावाचा नमुना म्हणून चवीने सांगतात. व्यापाऱ्याने ती निराळ्या नजरेने वाचावी. ज्या आकाराने लाखो कुप्या विकल्या, त्याचा मोबदला एकदाच, वस्तूच्या रूपात चुकता झाला. पुढच्या प्रत्येक विक्रीत रचनाकाराचा हिस्सा काहीच नव्हता. घडणावळीचेच हे मोठे रूप म्हणायचे.

याच्या अगदी उलट उदाहरणही त्यांच्याच आयुष्यात आहे. टिफनीशी त्यांचा करार रचनांच्या वापराचा होता. प्रत्येक दागिन्यावर पेढीच्या नावाबरोबर त्यांचे नाव कोरलेले असे, आणि विक्रीवर त्यांना हिस्सा मिळे. 2012 च्या सुमारास टिफनीच्या एकूण विक्रीतला साधारण दहावा भाग त्यांच्या रचनांचा होता. त्या निवृत्तीचा विचार करू लागल्या, तेव्हा पेढीपुढे पेच उभा राहिला. कारण नाव आणि रचना त्यांच्या होत्या. त्या वर्षाच्या अखेरीस वीस वर्षांचा नवा करार झाला आणि त्यासाठी टिफनीने त्यांना एकरकमी सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलर दिले. चांदीच्या दाण्याचे, पोकळ हृदयाचे, वारावरच्या हिऱ्यांचे हे मोल धातूचे नव्हते, खड्यांचेही नव्हते. ते आकाराचे आणि नावाचे होते.

2009 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने त्यांच्या 30 वस्तू आपल्या संग्रहात घेतल्या. मोडीच्या काट्यावर ज्या वस्तूंचा भाव काही तोळे चांदीचा ठरला असता, त्या इतिहासाच्या कपाटात जाऊन बसल्या.

मुंबई-सुरतेकडून पाहताना

ही सारी कथा न्यूयॉर्क आणि बार्सिलोनाची. तरी तिचा एक पदर आपल्या अंगणातून जातो. ज्या दशकांत जगाची आवड छोट्या हिऱ्याकडे वळत होती, त्याच दशकांत छोट्या हिऱ्याला पैलू पाडण्याचे काम सुरत आणि नवसारीच्या परिसरात एकवटत होते. पालनपूरच्या जैन घराण्यांनी मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातून आणि बेल्जियममधील अँटवर्पमधून कच्चा माल आणला, तयार माल जगात पोचवला. इतरांना परवडत नसे असा बारीक, गौण समजला जाणारा कच्चा हिरा त्यांनी घेतला आणि त्यातून एक जागतिक उद्योग उभा केला. आज जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घडतात, असे सांगितले जाते. आणि ऑपेरा हाऊसच्या जिन्यांवर व पदपथांवर चालणारा व्यवहार 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये विसावला आहे.

एकाने दुसऱ्याला घडवले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. छोट्या खड्याला मागणी निर्माण करणारे रचनाकार अनेक होते आणि तो स्वस्तात, सुबक घडवणारे हात लाखो. परंतु दोन्ही बाजू परस्परांना पूरक होत्या, हे निश्चित. छोट्या खड्याला मान देणारी रचना नसती, तर सुरतेच्या घंटीवर घासलेला तो कण मोठ्या खड्याचा चाकरच राहिला असता. आणि सुरतेचे हात नसते, तर ती रचना सामान्य मिळकतीच्या स्त्रीपर्यंत पोचली नसती.

एक फरक मात्र मनाला लागतो. त्या साखळीवर रचनाकाराचे नाव आहे. खडा घासणाऱ्याचे नाव कुठेच नाही. आणि आपल्या पेढ्यांवर विकल्या जाणाऱ्या हारांची चित्रे ज्यांनी रंगवली, त्या शेकडो चितारी-कारागिरांचीही नावे आपल्या वहीत शोधून सापडत नाहीत. हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो, पेढीची खूण विश्वास सांगते. आकार कोणाचा, ते कोणी सांगत नाही.

आपल्या पेढीसाठी

यावर पुष्कळ करता येण्याजोगे आहे आणि त्यातले बरेचसे खर्चिकही नाही. भारतात डिझाइन्स कायदा, 2000 अन्वये नव्या, पूर्वी प्रसिद्ध न झालेल्या दागिन्याच्या आकाराची नोंदणी करता येते. तिचे संरक्षण प्रथम 10 वर्षे मिळते आणि पुढे आणखी 5 वर्षे वाढवून घेता येते. अट एवढीच की नोंदणीचा अर्ज दागिना बाजारात दाखवण्यापूर्वी व्हावा. पुष्कळ दुकानदार आधी प्रदर्शनात मांडतात, शेजाऱ्याने नक्कल केली की मग वकिलाकडे धावतात. तोवर वेळ गेलेली असते.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोणता आकार कोणी काढला, कोणी घडवला, कोणत्या वर्षी, याची साधी वही प्रत्येक पेढीने ठेवावी. कारागिराला एकरकमी मजुरीबरोबर चाललेल्या नमुन्यावर थोडा हिस्सा देता येईल का, याचा विचार नव्या पिढीने करावा. हा केवळ परोपकार नाही. ज्याला आपल्या आकाराचे श्रेय मिळते, तो तोच आकार दुसऱ्या दुकानाला विकायला जात नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. व्यापारी कुटुंबांतल्या अनेक मुली आज दागिन्यांच्या रचनेचे शिक्षण घेतात. शिक्षण पूर्ण होते, लग्न होते आणि चित्रांची वही कपाटात जाते. दुकानाच्या गल्ल्यावर मुलगा बसतो. बहिणीने वा सुनेने काढलेला नमुना आवडला तर घरचाच म्हणून वापरला जातो. पेरेत्ती यांना स्वतःचा आकार घडवण्यासाठी घर सोडावे लागले आणि वडिलांशी तुटलेला धागा पुन्हा जुळायला वडिलांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत थांबावे लागले. फेर्दिनांदो पेरेत्ती 1977 मध्ये निवर्तले. त्यापूर्वी बाप-लेकीचा समेट झाला, एवढे समाधान उरले. आपल्या घरातल्या मुलीवर ही पाळी का यावी? तिची वही गल्ल्याशेजारी ठेवायला कोणाची परवानगी लागते?

जुन्या गावातले घर

पेरेत्ती यांचे उत्तरायुष्य स्पेनमधील कातालोनियातल्या सांत मार्ती व्हेल या लहानशा खेड्यात गेले. 1968 मध्ये त्यांनी तिथे एक पडके घर घेतले होते. हळूहळू ते दुरुस्त केले, मग शेजारची घरे, मग गावाचा मोठा भाग. न्यूयॉर्कच्या झगमगाटातून निघून त्या दगडी भिंतींच्या गावात राहिल्या. 2000 मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी एक दानसंस्था स्थापन केली. शिक्षण, आरोग्य, निसर्गसंवर्धन आणि मानवी हक्क यांसाठी ती जगभर साहाय्य करते. ज्या वडिलांनी एके काळी पैसा थांबवला, त्यांच्याच नावाने कन्येने पैसा वाटला.

18 मार्च 2021 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याच गावात त्यांचे निधन झाले.

पुढच्या खेपेला लग्नसराईसाठी घरातला डबा उघडला, की हार काट्यावर ठेवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला एक प्रश्न विचारून पाहावा: हा कोणी घडवला होता? क्वचित एखाद्या सोनाराचे नाव निघेल, एखाद्या गल्लीची आठवण निघेल. ती त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावी. वजन पुन्हा केव्हाही करता येते.